रिफाचे शुक्रवार

मनामाच्या हूरा भागातल्या त्या झेरॉक्सच्या दुकानात एसी होता, पण त्याची थंडी मालकाच्या खुर्चीपुरतीच पोचायची. मशीनपाशी उभं राहणाऱ्याच्या वाट्याला सप्टेंबरची चिकट हवा यायची, ओल्या फडक्यासारखी अंगाला बिलगणारी. शहाऐंशी कागदांचा गठ्ठा छातीशी धरून आतिका मुकादम पंधरा मिनिटं ताटकळली होती, आणि पुढचा माणूस मात्र एकेक रंगीत पान उजेडात धरून निवांत न्याहाळत होता.

"या अल्ला, हा माणूस आज हलणार आहे की नाही!" ती मराठीत पुटपुटली. बहरीनमध्ये मराठीत पुटपुटण्याची एक सोय असते, समोरच्याला कळत नाही.

"हलतो की. तीनच पानं राहिलीत," समोरच्यानं मान न वळवता उत्तर दिलं.

आतिकाचे कान तापले. तो वळला. उंच, किंचित पोक काढून उभा राहणारा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि डोळ्यांत... छे, तो चक्क हसत होता!

"तौकीर. श्रीवर्धनचा," तो म्हणाला. "आणि तुम्ही, बोलण्यावरून, दापोलीकडच्या?"

"हर्णै. पण जन्म इथलाच." तिनं नजर खाली नेली आणि ती त्याच्या हातातल्या पानावर अडकली. त्यावर आलेखाचे चार रंगीत खांब होते. तीन चांगले उंच, आणि चौथा एवढासा, कुणीतरी काडी मोडून ठेवल्यासारखा.

"ही काडी कसली?"

"ते होय... रिफा. तिथं कामच नसतं फारसं."

आतिकाच्या चेहऱ्यावरचं संकोचाचं हसू तिथल्या तिथे मावळलं.

"रिफाचं काउंटर मी चालवते," ती म्हणाली.

ज्या कामगारांना कोर्टात अर्ज करायचा असतो, पण वकील परवडत नाही, अरबी येत नाही, त्यांचे कागद तयार करून दाखल करणारी एक धर्मादाय संस्था होती. हूरा, मुहर्रक, सित्रा आणि रिफा अशी तिची चार काउंटरं. आतिका त्यातल्या सगळ्यात धाकट्या काउंटरची कारकून होती. सोबतीला गुरुप्रसाद अंकल, निवृत्तीला टेकलेले उडुपीचे टायपिस्ट. दरवर्षी मुख्य कार्यालय निधी वाटायचं तो दाखल झालेल्या फायली मोजून. हूऱ्याला नवी मशीनं, पाच माणसं, पाण्याचा कूलरसुद्धा. रिफाला उरलंसुरलं. तिथला स्कॅनर मे महिन्यात बंद पडला होता, म्हणून तर ती बसनं तासभर प्रवास करून इथं आली होती. आणि हा तौकीर मुख्य कार्यालयात नवा होता, पुढच्या वर्षीच्या वाटपाचा अहवाल लिहिणारा.

"तुम्ही रिफाला कधी आला होतात?" तिनं विचारलं.

"नाही... आकडे मेलवर येतात."

"मग शुक्रवारी या. जुम्म्याच्या नमाजनंतर. मेलवर न येणारं बरंच काही आहे तिथं."

तो बाजूला सरला आणि मशीनकडे हात केला. "आधी तुमचे कागद होऊ द्या."

"तुमची तीन पानं?"

"ती आता बदलावी लागतील असं दिसतंय."

तिला हसू आलं, पण तिनं ते दाखवलं नाही.

शुक्रवारी तो खरंच आला. रिफात शुक्रवारची दुपार म्हणजे बंगल्यांच्या उंच भिंती, त्यांच्या सावलीत झोपलेल्या गाड्या, आणि काउंटरच्या पायऱ्यांवर बसलेल्या बायका. घरकामाच्या बायका. आठवड्यात त्यांना तेवढाच अर्धा दिवस मोकळा मिळायचा.

"बसा," आतिकानं त्याच्यापुढे वही सरकवली. "नावं लिहून घ्या. आणि चेहरा जरा मऊ ठेवा, घाबरतात त्या."

"चेहरा मऊ कसा ठेवतात?"

"झेरॉक्सच्या दुकानात ठेवला होतात तसा."

तो लिहायला बसला, पण त्याचे कान लाल झालेले तिनं पाहिले. हिशेब चुकता झाला होता.

पहिली आली ती कडप्प्याची रमणम्मा. ज्या घरी काम करायची तिथले लोक दुसरीकडे राहायला गेले होते, पासपोर्ट त्यांच्यासोबत गेला होता, आणि तिला गावी आईकडे जायचं होतं. एवढीच गोष्ट. पण ती एकसंध कधी आलीच नाही. थोडी तेलुगू, थोडी मोडकी अरबी, मध्येच रडणं. आतिका घाई करत नव्हती. पाणी देत होती, तारखा आठवायला मदत करत होती, "मफी मुश्किल, अम्मा, काही अडचण नाही" म्हणत तिच्या हातावर हात ठेवत होती. मग पाच फोन, मालकाचा नवा पत्ता, अरबीत अर्ज, तो वाचून समजावणं, अंगठा. तीन तास गेले आणि फाईल झाली... एक.

तौकीरचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. खिडकीतला जुना एसी नुसता घरघरत होता. गुरुप्रसाद अंकलनी कागदी पेल्यातला करक, दाट वेलचीचा चहा त्याच्यापुढे ठेवला.

"हूऱ्याला कंपनीचा माणूस दहा जणांचे कागद तयार करून आणतो. दहा मिनिटांत एक फाईल," आतिका म्हणाली. "त्यांचंही काम खरंच आहे. पण तुमच्या खांबात हे तीन तास कुठे दिसतात, सांगा."

तौकीरनं वही पुढे ओढून पुढचीचं नाव विचारलं. पुढच्या शुक्रवारी तो न बोलावता हजर झाला. त्याच्याही पुढच्या... एकदा पिनांचा डबा घेऊन आला.

"कुठून आणल्यात?"

"मुख्य कार्यालयातून. कपाटात नुसत्या पडून होत्या."

"परत ठेवा. रिफाला हक्काच्या पिना मिळतील तेव्हा मिळतील."

त्यानं डबा खिशात घातला. पण जाताना दारात थबकला. "तुम्ही कायम अशाच असता?"

"कशी?"

"अशीच... ताठ."

"बस सुटेल माझी," ती म्हणाली. पुढच्या शुक्रवारी मात्र तिनं बस सोडली आणि गुरुप्रसाद अंकल मागे बसणार असतील तर त्याच्या गाडीतून मनामाला जायला तयार झाली. वाटेत अंकल झोपले, किंवा त्यांनी तसं दाखवलं. दोघं श्रीवर्धनच्या सुपाऱ्यांबद्दल बोलली, हर्णैच्या मासळीच्या लिलावाबद्दल बोलली, आणि बाब अल बहरीनजवळ तिच्या अब्बांनी, शब्बीरभाईंनी, कापडाच्या दुकानात उभ्यानं काढलेल्या तीस वर्षांबद्दलही. घराच्या कोपऱ्यावर ती उतरली तेव्हा दोघांनी एकदमच "बरं..." म्हटलं आणि ती घराकडे वळली.

नोव्हेंबर उजाडला. हवा हलकी झाली. आणि त्याच हलक्या हवेत तो एके दिवशी म्हणाला, "अहवालाचं मी बघितलंय. महिन्याच्या बावीस फायली आहेत ना, मी चाळीस दाखवतो. कोण तपासतंय? स्कॅनर येईल, माणूस येईल. खलास."

आतिकानं हातातला कागद खाली ठेवला.

"माझ्यासाठी?"

"हो... तुमच्यासाठी."

"मग मला तुम्ही ओळखलंच नाही." "चार वर्षं या खुर्चीवर बसून मी एकही खोटी ओळ लिहिली नाही, तौकीर. आणि आता माझं खरं काम खोट्या आकड्याच्या आधारानं उभं करायचं? उद्या कुणी तपासलं, तर रमणम्माची फाईलसुद्धा खोटी ठरेल."

तो गेला. आठवडा गेला. फोन नाही, मेसेज नाही. शुक्रवारी आतिकानं दाराकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि सकाळपासून दाराकडेच बघितलं. दोन वाजले. अडीच...

"आत येऊ?"

तौकीरच्या हातात नुसते आखलेले कोरे कागद होते. "चुकलो मी," तो दारातूनच म्हणाला. "हे बघा. बाई कधी आली, कधी गेली, किती फोन, किती भाषा. वेळ लिहायचा. फक्त खरा. तुम्ही लिहा, सही मी करणार नाही."

"कोण करणार?"

"ज्यांचं काम झालं त्या."

तिनं कागद घेतले. त्याच्या बोटांना तिची बोटं लागली, आणि कुणीच घाईनं हात मागे घेतला नाही.

डिसेंबरात मुख्य कार्यालयात बैठक होती. टेबलाच्या टोकाला संस्थेच्या संचालिका सुहा मॅडम. बहरीनी, करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. चारही काउंटरांचे लोक बसले होते.

"तौकीर, तुझी शिफारस?"

तौकीर उभा राहिला. "मॅडम, रिफाबद्दल माझी शिफारस धरू नका. माझा... तिथं हितसंबंध आहे."

"हितसंबंध? रिफात जमीन घेतलीस का?"

"नाही. मला आतिकाशी लग्न करायचंय. म्हणून माझं मत निष्पक्ष नाही."

खोलीत कुणाचा तरी पेन खाली पडला. आतिकाला वाटलं, आपण जमिनीत जावं, किंवा त्याला तरी पाठवावं.

"तिला माहीत आहे हे?" सुहा मॅडमनी विचारलं.

"आत्ता कळलं असेल."

हशा उठला. मॅडम हसल्या नाहीत. "मग तू बाहेर बस. आतिका, तुझं काउंटर आहे, तूच बोल."

दार लागलं. गालांवरची ऊब ओसरायची वाट न बघता आतिका उठली. आवाज तिचाच निघाला, स्वच्छ अरबीत.

"मॅडम, हे पाच शुक्रवारांचे कागद आहेत. पंचवीस बायका. प्रत्येकीनं आपला वेळ वाचून घेऊन सही केलीय, नाहीतर अंगठा दिलाय. एकेका फायलीला, आठवडाभरातले फोन आणि अर्ज धरून, सरासरी पावणेतीन तास लागलेत. माझी हूऱ्याबद्दल तक्रार नाही, त्यांचं काही कमी करू नका. फक्त मोजताना नुसत्या फायली मोजू नका, त्यामागचा वेळ मोजा. चारही ठिकाणी सारखाच. त्या मापात रिफाला कमी मिळालं, तर मी पुन्हा एक शब्द बोलणार नाही."

मॅडमनी एकेक कागद उलटला. पासपोर्टसाठी पुन्हा येऊन अंगठा देऊन गेलेल्या रमणम्माच्या नावावर त्या थांबल्या. "हिचं काय झालं?"

"पासपोर्ट मिळाला. गेल्या मंगळवारी विमानात बसली."

मॅडमनी पुढचा कागद उलटला. हूऱ्याचे मुख्य कारकून सदानंद पवार घसा खाकरून म्हणाले, "मॅडम, असं मापलं तर आमचं थोडं घटेल. पण... बरोबर आहे ती."

मॅडमनी चष्मा काढला. "जानेवारीपासून चारही काउंटरांना तासांवर निधी. रिफाला दुसरा कारकून आणि स्कॅनर. वाटपाचं काम तौकीरकडून काढून दुसऱ्याकडे देते. त्यानं कारणच तसं दिलंय." मग पहिल्यांदाच त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. "आतिका, तुझ्यासारखी माणसं मला चारही ठिकाणी हवी होती."

बाहेर पार्किंगमध्ये समुद्राकडचा गार वारा सुटला होता. तौकीर गाडीला टेकून उभा होता, परीक्षेच्या निकालाला आलेल्या मुलासारखा.

"काय झालं?"

"तासांवर निधी. चारही ठिकाणी," ती म्हणाली, आणि तिची मान अशी काही उंच झाली की तो नुसता बघत राहिला. "तुमचं काम मात्र गेलं दुसऱ्याकडे."

"जाऊ दे. असं काम जाण्याचा अभिमान वाटतोय मला."

"आणि मला न विचारता सगळ्यांसमोर..."

"आधी विचारलं असतं आणि तुम्ही हो म्हणाला असतात, तर लोक म्हणाले असते, नवऱ्यानं मिळवून दिलं. तुमचं तुम्हीच मिळवायला हवं होतं." तो सरळ उभा राहिला. पोक कुठे गेलं कुणास ठाऊक. "आता विचारतो. आतिका... माझ्याशी लग्न कराल?"

"थांबा. आधी अंकलना फोन."

"आत्ता?"

पण तिनं नंबर लावलाही होता. "अंकल! दुसरा कारकून मिळाला! हो, स्कॅनरही... नाही हो, मेहरबानी नाही, आपल्या हक्काचं. रडू नका ना अंकल, मलाही येईल..." तिनं डोळे पुसले, तौकीरकडे बघितलं आणि पाठ फिरवली. "आणि अंकल, रविवारी मला सुट्टी लागेल. अब्बांकडे पाहुणे येणार आहेत."

पलीकडून अंकलनी काहीतरी विचारलं असावं.

"श्रीवर्धनचे," आतिका म्हणाली.