बिघडलेली शांतता

स्टुडिओच्या जिन्यावरून ती वायरींचं भेंडोळं सांभाळत चढत होती. तेवढ्यात मागून कोणीतरी गुरगुरलं, "बाजूला हो... नाहीतर काळीज खाईन तुझं."

भेंडोळं हातातून सुटून पायऱ्यांवरून गडगडत गेलं. तिने वळून पाहिलं, तर मफलर गुंडाळलेला एक किडकिडीत तरुण ओशाळून वायरी गोळा करत होता. "माफ करा," तो पुटपुटला. "तालीम चालली होती. जिन्यात कोणी असेल असं वाटलं नाही."

तिथे एका काळ्याकुट्ट, अंगावर काटा आणणाऱ्या ॲनिमेचं, म्हणजे जपानी कार्टून मालिकेचं, डबिंग चालू होतं. एका भल्या माणसाच्या अंगात राक्षस शिरतो आणि दर भागात माणूस थोडा थोडा संपत जातो, अशी गोष्ट. माणूस आणि राक्षस, दोघांचे आवाज हाच मफलरवाला द्यायचा. ती नवी रेकॉर्डिस्ट. तो आत माइकपाशी, ती काचेच्या अलीकडे बसायची.

राक्षस त्याला झकास जमला. इतका, की तो अंगातून निघायलाच तयार नव्हता. चहा मागायचा तो राक्षसाच्या आवाजात, आणि तिची चेष्टाही त्याच आवाजात. "काचेपलीकडच्या सुंदरी, आज निळा रंग? तुझा अंत जवळ आला आहे." हसून हसून तिची मुरकुंडी वळायची. पण माइक बंद झाला, की तो मफलर सारखा करत खाली मान घालून "येतो" एवढंच म्हणायचा. तिचा जीव खट्टू व्हायचा. कारण तिला आवडला होता तो वायरी गोळा करणारा.

शेवटच्या भागात माणूस कायमचा हरवण्याआधी प्रेयसीला एकच वाक्य म्हणतो, "मी अजून इथेच आहे." सकाळपासून ते वाक्य गुरगुरतच बाहेर पडत होतं. दिग्दर्शिका त्याची सख्खी मावशी होती, पण कामात ती कोणाची गय करत नसे. राक्षस तुझाच राहील, माणसासाठी दुपारी दुसऱ्याला बोलावते, असं तिने सरळ सांगून टाकलं आणि ती चहाला गेली.

त्याचा चेहरा पार उतरला. त्या एका वाक्यासाठी तर त्याने हे काम घेतलं होतं.

ती काचेपलीकडे गेली. "एवढं अवघड काय आहे त्यात?"

"राक्षसाच्या आवाजात काहीही बोलता येतं," तो म्हणाला. "कोणी हसलं तर राक्षसाला हसतं. माझ्या आवाजात बोललो आणि कोणी हसलं तर..."

"आणि नाही हसलं तर?"

तो मफलर सारखा करू लागला.

मग तिने काचेअलीकडे परतून नेहमीचं काम उरकायला घेतलं. दोन वाक्यांमधल्या मोकळ्या जागा भरायला रिकाम्या खोलीची शांतताही रेकॉर्ड करावी लागते. तेवढा वेळ कोणी खोकायचंसुद्धा नाही. रोज ती दोघं काचेतून एकमेकांकडे बघत, हसू दाबत बसायची. तिने बोट वर करून खूण केली आणि बटण दाबलं.

त्याने डोळे वर उचलले... आणि तो बोलला.

"मी रोज या शांततेची वाट बघतो. तेवढा वेळ तू माझ्याकडे बघतेस—राक्षसाकडे नाही." आवाज मऊ होता, थोडा कापरा. "तू त्याच्यावर हसतेस, मला बरं वाटतं. पण... मी अजून इथेच आहे."

तिचा हात बटणाकडे गेलाच नाही. दारात मावशी कप हातात धरून उभी होती.

"हे घेतलंस ना?" मावशीने विचारलं. "शेवटचं तेवढं मला दे. बाकीचं तुमचं तुम्ही बघा." आणि दुसऱ्या नटाला नको म्हणून सांगायला ती फोन घेऊन बाहेर गेली.

तिने माइक ओढला. गाल तापले होते. "मला मफलरवालाच आवडतो," ती म्हणाली. "त्या जिन्यापासून. आणि शांतता बिघडवलीस, ती परत घ्यावी लागेल."

"घेऊ ना," तो म्हणाला, स्वतःच्याच आवाजात.

परत घेतली, तेव्हा आधी तो फसकन हसला, मग ती. त्या भागासाठी धड शांतता काही शेवटपर्यंत मिळाली नाही.