होयबाकाकांच्या कॉम्प्युटरमधला पाहुणा

"तंबू गच्चीवरच ठोकायचा!" वकील म्हणाला. "मुद्दा क्रमांक एक, अंगणात मुंग्या आहेत. मुद्दा क्रमांक दोन..."

"मुद्दे पुरे, दोरी आण!" भिंगरी ओरडली.

भिंगरी आणि तिचा धाकटा भाऊ सुट्टीत मावशीकडे आले होते. भाऊ सदान्‌कदा ताईच्या मागे, म्हणून तो शेपूट. मावशीच्या मुलाला सगळे वकील म्हणत, कारण त्याच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचा होता. मावशी दवाखान्यात गेली होती आणि काका आतल्या खोलीत पंख्यापेक्षा मोठ्या आवाजात घोरत होते.

"ताई," कोपऱ्यातल्या टेबलाकडे बघत शेपूट हळूच म्हणाला, "कॉम्प्युटर कोण चालवतंय?"

दोघांनी वळून पाहिलं. खुर्ची रिकामी! माउस जागच्या जागी! पण पडद्यावरचा बाण मात्र सरकत होता. अनोळखी घरात अंधारात चाचपडावं तसा इकडे थांबत, तिकडे वळत. वर कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लागलेला.

"भूत!" शेपूट भिंगरीला बिलगला.

"गप रे शेपूट! भुतं काय कॉम्प्युटर शिकतात?" ती म्हणाली खरी, पण टेबलाजवळ काही गेली नाही.

बाण 'आवाज' नावाच्या फोल्डरवर जाऊन थांबला. फोल्डर उघडला नाही, पासवर्ड मागणारी चौकट आली. बाण तिच्याभोवती घुटमळू लागला.

वकिलाचा चेहरा पांढराफटक पडला. "त... त... त्यात मी आहे," तो म्हणाला.

भिंगरी चमकली. वकील अडखळतोय? हा? मावशी बोलताना अडखळणाऱ्या मुलांवर उपचार करते, त्यांचे आवाज रेकॉर्ड करून ह्याच कॉम्प्युटरवर ठेवते, हे तिला माहीत होतं. घरातलं आणि दवाखान्यातलं कुणी सोडून ते कुणी ऐकणार नाही, असा शब्द ती प्रत्येक मुलाला देते.

"लहानपणी म... मला एक वाक्य धड येत नव्हतं," वकील पुटपुटला. "शाळेत कुणाला ठाऊक नाही. ते ब... बाहेर गेलं तर..."

एवढ्यात भिंगरीची नजर पुन्हा त्या हिरव्या दिव्यावर गेली. ज्याला दिसतंय त्याला ऐकूही येत असणार! तिने ओठांवर बोट ठेवलं आणि शेपटाच्या कानाशी लागली.

"चारता चाढका!"

ही त्यांची च-ची भाषा. पहिलं अक्षर उचलून शेवटी ठेवायचं आणि त्याच्या जागी च बसवायचा. चोराच्या बापालाही कळायची नाही! शेपटाला मात्र लगेच कळलं. तार काढ! तो टेबलाखाली घुसला आणि इंटरनेटची तार त्याने खसकन ओढली. बाण होता तिथेच थिजला.

तिघांनी काकांना गदागदा हलवलं.

"बाबा, कॉम्प्युटरला काय केलंत?" वकिलाने विचारलं.

"मी? काही नाही!" काका डोळे चोळत म्हणाले. "चौकट आली, 'कॉम्प्युटर फुकट वेगवान करायचा का?' मी 'होय' दाबलं. मग विचारलं, 'व्हायरसचा पहारा बंद करायचा का?' तिथेही 'होय' दाबलं. पहारा फार वेळ खातो रे! मग एका सज्जन मदतनिसाने फोन नंबर मागितला..."

"आणि तुम्ही होय म्हणालात!" भिंगरीने कपाळावर हात मारला. काकांना अख्खी गल्ली होयबा म्हणायची ते उगाच नव्हे.

तेवढ्यात फोन वाजला! काकांनी सवयीने स्पीकर लावला.

"नमस्कार, मदतनीस बोलतोय," साखरेत घोळलेला आवाज आला. "तुमची तार निघालीय वाटतं. शेपटाला सांगा परत लावायला. आणि 'आवाज'चा पासवर्ड तेवढा द्या. व्हायरस तिथेच दडून बसलाय हो!"

"होय होय, देतो की. घ्या लिहून..."

"काका, थांबा!" भिंगरी किंचाळली. "ह्याला शेपूट कसा माहीत?"

काकांचा आ तसाच वासलेला राहिला. ते नाव तर घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं! शेपटाने ताईचा हात घट्ट पकडला.

फोनमधली साखर विरघळून गेली. "मुकाट्याने पासवर्ड द्या," तो माणूस गुरगुरला. "तुमच्या घरातलं सगळं बोलणं मी ऐकलंय."

वकिलाने काकांच्या हातातला फोन स्वतःकडे घेतला.

"ना... ना... ना..."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. वकिलाचे डोळे भरून आले, पण त्याने फोन ठेवला नाही. दीर्घ श्वास घेतला.

"नाही! मु... मुद्दा क्रमांक एक, तार आमच्या हातात आहे. मुद्दा क्रमांक दोन, तुझा न... नंबर आमच्याकडे आलाय आणि आम्ही पोलिसांकडे निघालोय. मुद्दा क्रमांक तीन..."

फोन कट!

"तिसरा काय होता रे?" शेपटाने विचारलं.

"त... तिसरा अजून सुचायचा होता," वकील म्हणाला आणि मटकन खाली बसला.

भिंगरीचा फोन जाताच मावशी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या ताईंना घेऊनच आली. ताईंनी वेग वाढवण्याच्या नावाखाली घुसलेला प्रोग्रॅम शोधून हाकलला, पहारा पुन्हा सुरू केला आणि सगळे पासवर्ड मावशीच्या फोनवरून बदलायला लावले.

"'आवाज'ला कुलूप होतं म्हणून वाचलात. त्यातलं काहीच बाहेर गेलं नाही," त्या म्हणाल्या. "तार वेळेवर ओढलीत, शाबास! मोठ्यांनाही सुचत नाही हे."

"मोठ्यांना झोपा काढणं सुचतं!" मावशी काकांकडे बघत म्हणाली. काकांनी मान खाली घातली. पोलीस चौकीत तक्रार द्यायला ते कुणी सांगायच्या आधीच निघाले. जाताना त्यांनी वकिलाच्या पाठीवर हात ठेवला. "लेका, मला जे आयुष्यात जमलं नाही ते तू बोललास."

सगळे पांगल्यावर मावशी वकिलाजवळ बसली. "घाबरलास ना? तुझं रेकॉर्डिंग पुसून टाकू का?"

वकिलाने भिंगरीकडे आणि शेपटाकडे पाहिलं.

"नको," तो म्हणाला. "आधी ह्या दोघांना ऐ... ऐ..."

तो अडकला. भिंगरी थांबली, मावशी थांबली, आणि एरवी एक क्षण गप्प न बसणारा शेपूटसुद्धा थांबला. त्याचं वाक्य पुरं करायची घाई कुणीच केली नाही.

"...ऐकवायचंय," वकील म्हणाला.