तीन नंबरचा मॉनिटर

बाळाची शपथ मी कधी घेत नाही. पण हे अक्षरन् अक्षर खरं आहे. माझ्या मोठ्या नणंदेच्या बाबतीत घडलेलं.

ताई आयसीयूत नर्स. भुताखेतांचा विषय निघाला की खो-खो हसणाऱ्या.

मंगळवार. दुपारचे चार. ड्युटी बदलायची वेळ.

तीन नंबरचा बेड रिकामा होता. तिथली शिंपीणबाई रविवारीच गेली. बोटात सुई घुसल्याचं निमित्त, आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरला. ताप उतरला, म्हणून ताईंनी तिचा हृदयाचा रिपोर्ट डॉक्टरांना न दाखवताच फाईलला लावला.

"राऊंडला बघतीलच की."

राऊंडच्या आधीच ती गेली.

आता चार नंबरला एक बाळंतीण होती. तसाच संसर्ग. तिचाही ताप सकाळी उतरलेला.

"सिस्टर, आज पिल्लू दाखवाल ना?"

"आधी ताटातलं संपव. मग लाड!"

तेवढ्यात...

टिक... टिक... टिक...

तीन नंबरचा मॉनिटर.

वायरी गुंडाळून हुकला टांगलेल्या. पडद्यावर मात्र ठोके. एकशे बेचाळीस.

ताईंनी प्लग खेचून काढला.

आवाज थांबला नाही.

अंगावर सर्रकन काटा आला. नजर चार नंबरकडे गेली. बाळंतीण हसत होती, पण ओठ... निळसर. उशाशी फाईल. फाईलला दुपारी आलेला रिपोर्ट. कुणीच न वाचलेला.

तो घेऊन ताई धावत सुटल्या.

"हा नेहमीचा हार्ट अटॅक नाही," डॉक्टर म्हणाले. "जंतूंचं विष आणि अंगात उसळलेली सूज, दोन्ही मिळून हृदयाच्या स्नायूलाच इजा करतायत. आणखी तासभर उशीर झाला असता तर..."

बाळंतीण वाचली.

टिकटिक तेव्हाच थांबली.

मागच्या आठवड्यात ताईंचा फोन आला. आवाज अगदी बारीक.

"अगं, तो परत वाजतोय."

"कोणासाठी?"

"तेच कळेना. रंगकामासाठी वॉर्ड रिकामा केलाय. इथं मी एकटीच..."

मला एकदम आठवलं. ताईंच्या बोटाला चिरलेलं. दोन दिवस ताप होता.

"ताई, तुमचा ताप?"

"सकाळीच उतरला की..."



"ताई, पळा! डॉक्टरांकडे पळा!"

त्या पळाल्या, म्हणून आज आहेत. तो मॉनिटर भंगारात गेला. कसा वाजायचा, कुणालाच सांगता आलं नाही.

परवापासून माझ्या बाळाला ताप होता.

आज सकाळी उतरला. घरात सगळ्यांनी हुश्श केलं.

मी मात्र पंखा बंद करून, कान देऊन बसलेय...