पालीच्या लिंबाखाली पंधरा मिनिटं

"बरं बाबा, थांबतो मी. घाई न्हाई."

चार वर्षं झाली, तरी सुंदररावांचा हा आवाज अंगदच्या कानात होता तसाच होता. फोनवर ऐकलेला. जेवणं उरकल्यावर माणूस ओट्याला टेकून बोलतो तसा, निवांत. त्यात धाप नव्हती, कळ नव्हती. म्हणूनच तर अंगदला काही कळलं नव्हतं.

चौसाळ्यात हायवेच्या कडेला त्याचं गॅरेज. सुंदररावांची पांढरी डिझेल गाडी नवी असल्यापासून त्याच्याच हाताखालची. त्या साली चैत्रात ती तापली की बंद पडायला लागली, आणि निवली की आपोआप चालू. अंगदनं तेव्हाच ओळखलं, क्रँक सेन्सर जायला लागलाय. बोटाएवढी वस्तू. इंजिनाच्या पोटात एक दातेरी चाक फिरतं, त्यातले दोन दात मुद्दामच ठेवलेले नसतात. ती मोकळी जागा समोरून गेली की सेन्सर इंजिनाला सांगतो, तू आता इथं आहेस, आता डिझेल सोड.

"म्हणजे जे न्हाई, त्याच्यावर सगळं चालतंय म्हण की," सुंदरराव हसले होते.

लग्नसराई होती, कामं तुंबली होती. "पुढच्या खेपेला बदलू, दादा," असं म्हणून अंगदनं बॉनेट मिटलं.

आठ दिवसांनी भर दुपारी सुंदररावांच्या नंबरावरून फोन आला. "बंद पडली का, दादा?" अंगदनं विचारलं. पलीकडं नुसता वारा. "पंधरा मिनिटं निवू द्या, होईल चालू," तो म्हणाला. मग ते शब्द आले. बरं बाबा, थांबतो मी.

दिवस मावळता कळलं. छातीत दुखतंय म्हणून दादा स्वतःच गाडी चालवत बीडला निघाले होते, शेजारी वनमालावहिनी. मांजरसुंब्याचा घाट उतरून पालीच्या अलीकडं, एका कडुलिंबाखाली गाडी बंद पडली. बीडला पोचायच्या आत ते गेले. तिथून दवाखाना पंधरा मिनिटांवर होता. तो हिशेब अंगदनं मनात शंभरदा केला, बोलून कुणालाच दाखवला नाही.

आणि आता चार वर्षांनी वहिनी गाडी घेऊन आल्या होत्या. स्वतः चालवत.

"शिकले बाबा," त्या म्हणाल्या. "पोरगी बीडला हॉस्टेलवर. दर शनिवारी कुणाकुणाच्या पाया पडू? पण अंगद, ही अजून बी तापली की बंद पडतीय."

"नीट करतो, वहिनी."

अंगदच्या गॅरेजात एक रीत होती. काढलेला जुना पार्ट कागदात गुंडाळून मालकाच्या हातात द्यायचा. मग भलेही त्यानं तो बाहेर पडल्या पडल्या फेकून द्यावा. त्या दिवशी त्यानं जुना सेन्सर काढला, फडक्यानं पुसला आणि खिशात टाकला. वहिनींनी हात पुढं केला होता. तो रिकामाच मागं गेला.

शनिवारी त्यांचा फोन आला. गाडी पुन्हा बंद पडली होती. पालीच्या अलीकडं, लिंबाखाली. पंधरा मिनिटांनी आपोआप चालू झाली.

नवा पार्ट खराब निघतो कधीकधी. अंगदनं दुसरा बसवला, वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली, स्कॅनर लावला. पुढच्या शनिवारी तीच जागा, तीच पंधरा मिनिटं. गाडी परत आल्यावर त्यानं स्कॅनरवर इंजिनाच्या फेऱ्यांची रेघ पाहिली. सेन्सर मरतो तेव्हा रेघ तुटते. ही तुटली नव्हती, अलगद खाली आली होती. कुणी हलक्या हातानं चावी फिरवावी तशी.

"बे अंगद," शेजारचा पंक्चरवाला धुळाजी म्हणाला, "गाडी कावून म्हणतो तिला? बैल हाय ती. बैलाला इसाव्याची जागा म्हाईत असती. किती बी आसूड वढ, तिथं थांबणारच."

अंगद हसला नाही.

तिसऱ्या शनिवारी वहिनी म्हणाल्या, "आज तूच चल संगं. गिऱ्हाईक आलंय गाडीला. आज थांबली तर देऊन टाकते." मग स्टिअरिंगवरून हात फिरवत हळूच म्हणाल्या, "त्यांची एवढीच वस्तू राहिलीय रे चालती-बोलती."

घाटापर्यंत गाडी लोण्यासारखी पळाली. अंगद कान देऊन बसला होता. ठोका एकसारखा होता. घाट उतरला, डाव्या हाताला धरणाचं पाणी चमकलं, आणि लिंब दिसला तसा वहिनींचा पाय आपोआप हलका झाला.

इंजिन शांत झालं. गाडी घरंगळत सावलीत गेली आणि थांबली.

अंगदनं घड्याळ पाहिलं. दोन वाजून दहा. वहिनींनी चावी काढून मांडीवर ठेवली. त्यांना सवय झाली होती.

तो पाना घेऊन गाडीखाली शिरला. वरून लिंबाच्या वाळक्या काड्या पडत होत्या. इंजिनाची धग तोंडावर येत होती; एक्झॉस्टला बोट लागलं तर चटकाच बसला. त्यानं कनेक्टर सोडवला, बोल्ट काढला, सेन्सर ओढला.

सेन्सर गार होता. माठाच्या बुडाला हात लागावा तसा.

त्यानं तो या हातातून त्या हातात घेतला. मग पुन्हा इंजिनाला हात लावला. इंजिन तापलेलंच होतं.

वरती वहिनी गुणगुणत होत्या. जात्यावरची चाल होती.

*वाटंच्या लिंबाखाली, बाई कोन इसाव्याला*
*माझा गं चुडेराजा, न्हाई घाई त्याला जायाला*

अंगद तसाच पडून राहिला. मातीचा वास येत होता. हायवेवरून ट्रक जात होते, पण त्यांचा आवाज या सावलीत शिरत नव्हता. ओवी संपली तरी तो कितीतरी वेळ हलला नाही. मग बाहेर आला, गुडघे झाडले आणि चालकाच्या दारापाशी जाऊन उभा राहिला. खिशातून त्यानं जुना सेन्सर काढला. इतके दिवस तो खिशातच होता.

"वहिनी, हात करा पुढं."

त्यांनी केला. त्यानं तो त्यांच्या तळव्यावर ठेवला.

"हे जाणार म्हणून मला आधीच म्हाईत होतं. आठ दिवस आधी. मी बदललं न्हाई. आन् त्या दिवशी दादांचा फोन आलता. पंधरा मिनिटं थांबा, असं मीच म्हणलो. ते बरं म्हणले. थांबतो म्हणले. मी थांबवलं त्यांना, वहिनी."

वहिनी तळव्याकडं बघत राहिल्या.

घड्याळात दोन पंचवीस झाले.

इंजिन चालू झालं.

झटका नाही, घरघर नाही. झोपलेलं माणूस कुशीवर वळावं तसं. नवा सेन्सर अंगदच्या मुठीत होता. जुना वहिनींच्या तळव्यावर. चावी त्यांच्या मांडीवर.

कुणीच हललं नाही.

ठोका संथ होता. वहिनींनी डोळे मिटून तो थोडा वेळ ऐकला. मग त्यांनी अंगदच्या काळ्या, तेलकट मनगटावर हात ठेवला, धाकट्या दिराच्या मनगटावर ठेवावा तसा.

"चार वर्षं हे घेऊन हिंडतोस व्हय रे," त्या म्हणाल्या. "मला आदीच बोलायला पायजे होतं. पण वाटलं, लोक म्हणतील, बाई तिथं बसून राहिली, गाडी कावून अडवली न्हाई कुणाची. म्हणून मी समद्यांना सांगितलं, हितून निघाल्यावर वाटंत गेले."

"म्हणजे?"

"इथंच गेले. गाडी सावलीला लावली, हळूच चावी फिरवली, आन् मान टाकली. फोन मी लावलता, अंगद. लई हाका मारल्या, उठंनात. म्हणलं, गाडीचं नाव काढलं की झोपंतून बी उठत्यात, तुझा आवाज ऐकून तरी उठतील. म्हणून फोन त्यांच्या कानाला धरला."

इंजिन चालूच होतं.

"तू काय बोललास, ते मला ऐकू आलं न्हाई. मी त्यांच्या ओठांकडंच बघत होते शेवटपर्यंत," वहिनी म्हणाल्या. "ते हलले न्हाईत."