डोंगर उघडला की

"पाय मागे घ्या, साहेब!"

धुक्यातून हाक आली आणि सिंग्येचा उचललेला पाय तसाच अधांतरी राहिला. समोर शेवाळलेला उभा दगड होता, दगडाला टेकून एक मुलगी. पाठीवर रिकामी टोपली, केसांवर दवाचे थेंब... आणि डोळ्यांत हसू की राग, ते कळेना.

"डोंगर बंद आहे," ती म्हणाली.

"डोंगराला दार असतं का?"

"असतं. तुम्ही आत्ता त्याच्या उंबऱ्यावर उभे आहात."

ती चिमी, राखणदाराची मुलगी. कुट्टूची पेरणी झाली की तिचे आपा, म्हणजे वडील, डोंगर बंद करीत. मग पीक घरात येईपर्यंत दगडापलीकडे कुणी जायचं नाही, लाकूड तोडायचं नाही, बांबूचा कोंबही खुडायचा नाही. बंदी मोडली तर डोंगराचा धनी गारा पाडतो, हे गावात तान्ह्या पोरालाही ठाऊक. सिंग्येलाही ठाऊक होतं. पण पारो शहरात वाढलेला तो, शिकून वनखात्यात लागलेला. ठाऊक असणं वेगळं आणि पाय थांबणं वेगळं.

आपांसमोर त्याने मान लववून शब्द दिला, "डोंगर उघडेपर्यंत थांबेन."

आणि थांबलाच. खालच्या ओढ्याकाठी वहीत पक्ष्यांच्या नोंदी करीत बसे. चिमी गुरांमागे जाताना मुद्दाम तिकडून जाई.

"साहेब, आज किती कावळे सापडले?"

"साहेब नको म्हणूस. सिंग्ये म्हण."

"बघू."

"कधी?"

"डोंगर उघडला की!" असं म्हणून ती वळली, पण वळणावर थांबून तिने एकदा मागे पाहिलंच...

मग बातमी आली. नवा रस्ता वरच्या बांबूच्या बनातून जाणार. तिथे तांबडा पांडा असल्याचं गुराखी सांगत. पण सांगण्यावर रस्ते वळत नाहीत. फोटो हवा होता, आणि रस्त्याची बैठक डोंगर उघडण्याआधीच होती.

"मग जा की वर," चिमी हळूच म्हणाली.

"शब्द दिलाय तुझ्या आपांना."

तो गेला नाही, म्हणून तर ती त्याच्यावर भाळली. आणि म्हणूनच ती गेली. परक्याने बंदी मोडली तर धनी चिडेल. मी तर घरचीच लेक, मला तो ओळखतो, असं तिला वाटलं. सिंग्येचा झाडाला बांधून ठेवायचा, आपोआप फोटो काढणारा कॅमेरा तिने न विचारताच उचलला. त्याचा पट्टा तुटका निघाला, तेव्हा तिने आपला केरा, कमरेचा विणलेला पट्टा, सोडला आणि त्या केऱ्यानेच कॅमेरा बनातल्या झाडाला बांधला. काही दिवसांनी ती काढायला गेली. गाठ सोडते न सोडते तोच आभाळ गडगडलं. कॅमेरा छातीशी धरून ती धावत सुटली. केरा वरच राहिला.

फोटोत पांडाची मादी होती, तोंडात पिल्लू धरलेली. तिने तो सिंग्येच्या हाती दिला, त्याने बैठकीत मांडला, आणि रस्ता वळला.

आणि त्याच आठवड्यात गारा पडल्या. फुलावर आलेला कुट्टू चिखलात लोळला.

मंदिराच्या अंगणात गाव जमलं. फोटो हातोहात फिरला. जंगल वाचवणारा तो फोटोच ओरडून सांगत होता, की कुणीतरी दगड ओलांडला आहे.

"कोण गेलं होतं?" आपांनी विचारलं.

चिमीचे ओठ हलले. राखणदाराच्याच घरातून बंदी मोडली हे कळलं, तर पुढच्या वर्षी आपांची बंदी कोण पाळणार? पण खोटं तरी कसं...

"मी," सिंग्ये म्हणाला.

तिने दचकून पाहिलं. त्याने मान किंचित हलवली — नको.

तिने ओठ मिटले.

"शब्द दिला होतास!" आपांचा आवाज फाटला. सिंग्ये गाव सोडून पूल ओलांडत असताना आपांनी त्याच्यामागे मूठभर धूळ फेकली. धूळ फेकलेला माणूस या खोऱ्यात परतत नाही.

निघण्याआधी पुलाशी चिमी आणि सिंग्येला एक क्षण मिळाला होता.

"मी सांगते त्यांना! आत्ता सांगते..."

"आणि मग बंदी? बन?" तो हसायचा प्रयत्न करीत होता. "रस्त्यापासून वाचवलंस, आता कुऱ्हाडीला देऊ नकोस. एकदा नाव तरी घे."

तिने तोंड उघडलं. पण मागून आपांची पावलं वाजली.

उरलंसुरलं पीक घरी आलं. डोंगर उघडला. रिवाजाप्रमाणे पहिलं पाऊल राखणदाराचं, दुसरं त्याच्या लेकीचं. बनाच्या तोंडाशी आपा थबकले. झाडाच्या बुंध्याला केरा लोंबत होता. लाल, पिवळा, कडेला तिच्याच हातची चुकलेली वीण.

मग त्यांनी तो काढला, झटकला, तिच्या हातात दिला.

"बांध. थंडी आहे वर."

"आपा..."

"धूळ माझ्याच हाताने फेकली गं," ते म्हणाले. "आता माझ्याने ती उचलवत नाही. गावाला काय सांगू?"

ते पुढे गेले. चिमीने केरा कमरेला आवळला आणि दरीकडे तोंड केलं. डोंगर उघडला होता.

"सिंग्ये," ती म्हणाली.

बांबूंत काहीतरी सळसळलं... तांबडं शेपूट क्षणभर दिसलं, आणि गेलं.