दिव्याला काळं फडकं

पामहून तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्याचं डांबरीकरण दिवसा करायची सोयच नव्हती. कारखान्यांच्या टँकरची रीघ दिवसभर तुटायची नाही. म्हणून दिवेलागणीनंतर दोन तास रस्ता बंद ठेवायचा आणि तेवढ्यात होईल तेवढा पट्टा उरकायचा, असं ठरलं होतं. रोलर चालवायला दांडी गावचा कमलाकांत होता. होडी सोडून या धंद्यात येऊन त्याला सहा वर्षं झाली, तरी अंगाचा मासळीचा वास काही गेला नाही, असं बायको तानी त्याला अजून चिडवायची.

कमलाकांतचं दुखणं एकच, केबिनमधला दिवा. हल्लीच बसवलेला तो पांढराफेक दिवा डोक्यावर पेटला, की समोरच्या काचेत त्याला स्वतःचंच थोबाड दिसायचं. रस्ता नाहीच. साहेबाला सांगून पाहिलं, तर नियमानं दिवा चालूच ठेवायचा म्हणे! नियम करणाऱ्यानं एकदा त्या खुर्चीत बसून बघावं की. शेवटी त्यानं बापाची युक्ती काढली. बाप होडीवर कंदिलाच्या आपल्याकडच्या बाजूला काळं फडकं बांधायचा, म्हणजे डोळे दिपत नसत आणि पाणी नीट दिसायचं. जाळं ओढायच्या आधी तो अंधारात एकेकाला नावानं हाक मारी. ओ आली की माणूस जागेवर आहे, एवढा साधा हिशेब.

कमलाकांतनं दिव्याला फडकं गुंडाळलं, समोरच्या चकचकीत पत्र्यावर गोणपाट टाकलं, आणि काच एकदम निवळली. गाडी हलवायच्या आधी तो तिघांना हाका मारू लागला. झेंडी दाखवणारा सुजित, डांबर पसरणारा रामनाथ, आणि रोलरच्या ड्रमला, म्हणजे त्या अवजड लोखंडी चाकाला, चिकटलेलं डांबर लोखंडी पत्रीनं खरवडणारा ज्ञानेश.

ज्ञानेश म्हणजे तानीचा पाठचा भाऊ. त्याला इथे चिकटवला तो कमलाकांतनंच. पहिल्या दिवशी डबा हातात देताना तानी म्हणाली होती, "त्याला काय झालं, तर मला तोंड दाखवू नका." ती हसत नव्हती.

चार दिवस काम झकास चाललं. पाचव्या संध्याकाळी तिघांच्याही नावाला "हाय" आलं, कमलाकांतनं रोलर मागे घेतला आणि सुजित बॅटरी नाचवत बोंबलायला लागला. ज्ञानेश मागच्या ड्रमला खेटून उकिडवा बसला होता. धुळीसाठी डोक्यावरून कानापर्यंत रुमाल आवळलेला. रोलर थांबला तेव्हा मध्ये वीतभर अंतर राहिलं होतं. हाक त्याला ऐकूच आली नव्हती, मग ओ कुठून देणार?

 कमलाकांतचं डोकं फिरलं, आणि संशय सरळ सुजितवर गेला. हा पोरगा नकला करण्यात पटाईत, त्यात घरी पळायची घाई. यानंच ज्ञानेशच्या आवाजात ओ दिली असणार. वर पुन्हा बॅटरी दाखवून वाचवल्याचं श्रेय घ्यायला मोकळा! सुजितनं आईची शपथ घेतली, रडकुंडीला आला, पण कमलाकांतनं ऐकून घेतलं नाही. घरी गेल्यावर तो तानीला यातलं अक्षरही बोलला नाही. जेवण मात्र गेलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी त्यानं सुजितला केबिनच्या पायरीवर, अगदी हाताशी उभा केला. आता बघू कशी नक्कल करतो ते. मुद्दाम पहिलं नाव त्याचंच घेतलं.

"सुजित."

सुजितचे ओठ मिटलेले होते. समोर खडीच्या ढिगाऱ्यापाशी, अंधारात, सुजितच्याच आवाजात कोणीतरी म्हणालं, "हाय."

सुजितनं पायरीचा दांडा घट्ट धरला. "मी नाय," तो पुटपुटला.

कमलाकांतनं रामनाथला हाक मारली. डावीकडून ओ आली. थोड्या वेळानं तीच ओ उजवीकडून आली.

ज्ञानेशचं नाव घ्यायला त्याची जीभ रेटेना. खड्ड्यात गेलं डांबर आणि खड्ड्यात गेला साहेब. ज्ञानेशला दंडाला धरून आत्ताच्या आत्ता घरी न्यायचं. त्यानं इंजिन बंद केलं, किल्ली मुठीत घेतली, सुजितला घेऊन खाली उतरला आणि गाडीला वळसा घालून निघाला. दहाबारा पावलं गेल्यावर त्याला आठवलं.

ब्रेकचा दांडा ओढायचा राहिला होता. गाडी जुनी, आणि उभी होती ती खाडीच्या पुलाकडच्या उतारावर.

तो गर्रकन वळला. ड्रमच्या पलीकडे, उताराच्या बाजूला, ज्ञानेशचं पिवळं जाकीट दिसत होतं. रुमाल आज गळ्यात होता, हातात पत्री होती.

"भावोजी," ज्ञानेशनं वर केबिनकडे बघत विचारलं, "ब्रेक हाय ना?"

कमलाकांतनं ओरडायला तोंड उघडलं.

त्याच्या आधीच, रिकाम्या केबिनमधून, फडक्याआडच्या अंधारातून, त्याच्याच आवाजात उत्तर आलं.

"हाय."

"बरं," ज्ञानेश म्हणाला, आणि ड्रमखाली वाकला.