छावणीमागचं सिनेगॉग

हिंगोलीच्या जुन्या छावणीमागं ज्यूंचं एक सिनेगॉग होतं. गावातली माणसं त्याला इस्राएलांची मशीद म्हणत. ते पाडायचं की ठेवायचं, एवढंच रणजीत राठोडला अहवालात लिहायचं होतं. बांधकाम खात्यात तीस वर्षं तो जुन्या इमारती बघून 'धोकादायक' असं लिहीत आला होता. निवृत्तीला दोन महिने उरले होते. सेनगावपासून एसटीत उभ्यानं आल्यामुळं पायांत गोळे आले होते.

राखणदार अनुसयाबाईंनी कुलूप काढलं. आत पाऊल टाकताच तो थबकला. सागवानी खांब, लाकडी बाकांच्या रांगा, वर बायकांसाठी जाळीचा सज्जा, मधोमध कठडा घातलेला चौथरा, पश्चिमेच्या भिंतीत पोथ्यांचं रिकामं कपाट. निळ्या काचांतून दुपारचं ऊन फरशीवर उतरलं होतं. त्यानं ओळंबा लावून पाहिला. शंभर वर्षांत भिंत सूतभरही कलली नव्हती. फार दिवसांनी त्याला कुणाच्या तरी हातच्या कामाचं कौतुक वाटलं.

"इथली माणसं कुठं गेली?"

"काही मुंबईला, काही इस्राएलला," उंबऱ्याबाहेरूनच अनुसयाबाई म्हणाल्या. "माझे सासरे सांगायचे, दहा बाप्ये जमल्याबिगर ह्यांची नमाज व्हत न्हाई. शेवटी नऊच उरले. दर शनवारी यायचे, वाट बघायचे अन् उठून जायचे."

"मग?"

"मग त्येबी सरले. साहेब, बाकावर तेवढं बसू नका."

"काहून?"

"च्या टाकते," म्हणून त्या निघून गेल्या.

मापं घेता घेता रणजीतची कंबर धरली. बाईंचं सांगणं त्याच्या ध्यानात होतं, पण अंगात त्राण नव्हतं. तो बाकाच्या टोकाला टेकला.

मागं, समोर, शेजारी, एकदम कपडे सळसळले. बरीच माणसं एकाच वेळी उठून उभी राहावीत तसे.

समोर कुणीच नव्हतं.

तो ताडकन उठला. सळसळ थांबली. घाईघाईनं तो दारापाशी आला. बाहेर ऊन होतं, अनुसयाबाईंचा स्टोव्ह फरफरत होता.

मागं कुणीतरी हळूच घसा साफ केला. रागानं नव्हे, अदबीनं. फार वर्षं ताटकळलेला माणूस करील तसा.

उंबऱ्यावर आपण किती वेळ उभे होतो, ते रणजीतला कळलं नाही. पाय ठणकत होते. तो परत फिरला.

तो बाकाशी पोचला, तेव्हा जुनं लाकूड करकरलं. कुणीतरी जरासं सरकून त्याला जागा करून दिली.